लहान मुलांचा टाइप १ मधुमेह: सीमाभागातील घरांसाठी

एखादे मूल रात्रीतून चार-पाच वेळा लघवीला उठू लागले, अंथरूण ओले करण्याची सवय सुटलेली असताना ते पुन्हा ओले करू लागले, तांब्याभर पाणी पिऊनही त्याची तहान भागेना आणि पोटभर खाऊनही ते वाळत चालले, तर जंताचे औषध देण्याआधी त्याच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन साखर तपासावी. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जावे लागत नाही. ग्लुकोमीटर असलेल्या कोणत्याही दवाखान्यात ती तपासणी मिनिटभरात होते. अशी लक्षणे असताना कोणत्याही वेळची साखर २०० किंवा त्याहून अधिक आली, तर मुलाला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

आमची मुलगी चार वर्षांची असताना ही सारी लक्षणे पंधरा दिवस आमच्या डोळ्यांसमोर होती. परसात तिने लघवी केलेल्या जागी मुंग्या जमतात, हे सासूबाईंच्या लक्षात आले होते, परंतु त्याचा अर्थ आम्हां कोणालाच लागला नाही. तालुक्यातील एका दवाखान्यात अशक्तपणा म्हणून तिला ग्लुकोजचे सलाईन लावले गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या, पोट दुखू लागले आणि ती धावून आल्यासारखी खोल, भरभर श्वास घेऊ लागली. बेळगावला पोचलो तेव्हा मीटरने आकडा दाखवलाच नाही. पडद्यावर ‘हाय’ एवढेच उमटले, म्हणजे साखर मीटरच्या मोजण्यापलीकडे गेली होती. इन्सुलिनअभावी शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाची आम्ले साचतात. या अवस्थेला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येणे ही तिची आणखी एक खूण आहे, आणि उपचार मिळाले नाहीत तर काही तासांत मूल दगावू शकते. पुष्कळदा ही अवस्था न्यूमोनिया किंवा पोटाचा विकार समजली जाते, म्हणून आई-वडिलांनी स्वतःच ‘साखर तपासा’ असे सांगायला संकोच करू नये.

आपल्या भागात बेळगावचे केएलई संस्थेचे प्रभाकर कोरे रुग्णालय आणि शासकीय बिम्स रुग्णालय ही मोठी ठिकाणे आहेत, तर निपाणी-चिकोडीकडची मंडळी कोल्हापूर किंवा मिरज गाठतात. इन्सुलिन कोणते आणि किती, हे तेथील डॉक्टरच ठरवतील. ते ठरवलेले घरात रोज, न चुकता कसे पार पाडावे, एवढेच मी येथे सांगते.

इन्सुलिन थांबवायचे नाही

घरातल्या मोठ्यांना शुगर असते, त्यांची गोळी आणि पथ्य सर्वांना ठाऊक असते, आणि तोच हिशेब लहान मुलाला लावला जातो. मुलाचा आजार मात्र वेगळा आहे. शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते, आणि त्यात मुलाच्या गोड खाण्याचा किंवा आईच्या गरोदरपणातील खाण्याचा कोणताही दोष नसतो. नष्ट झालेल्या पेशी काढ्याने, कारल्याच्या रसाने किंवा गोळीने परत येत नाहीत. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्यापूर्वी हा आजार झालेली मुले फार दिवस जगत नसत. कोणी पाहुणे ‘इन्सुलिनची सवय लागते, एकदा बंद करून बघा’ असे म्हणाले, तर त्यांना ही गोष्ट शांतपणे सांगावी.

या बाबतीत सर्वांत फसवा काळ निदानानंतरच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत येतो. इन्सुलिन मिळू लागल्याने उरलेल्या पेशींना थोडी उभारी येते, साखर उतरू लागते, डोस अगदी कमी करावा लागतो आणि घरातील सर्वांना मूल बरे झाले असे वाटते. नेमक्या याच सुमारास कोणीतरी एखाद्या औषधवाल्याचे नाव घेऊन येते आणि श्रेय त्या औषधाला मिळते. हा काळ संपतोच, आणि तोवर इन्सुलिन बंद केलेले असेल तर मूल पुन्हा अतिदक्षता विभागात पोचते. डोस कमी करावा लागल्यास डॉक्टरांना विचारून करावा, शून्यावर कधीही आणू नये.

बाटली, सुई आणि मडके

आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या आणि १०० युनिट असलेल्या. ४० च्या बाटलीसाठी लाल टोपणाची सिरिंज असते आणि १०० च्या बाटलीसाठी नारिंगी टोपणाची. १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गाठ पडली तर मुलाला अडीचपट इन्सुलिन जाते. आमच्या घरी एकदा औषधाच्या दुकानातून बाटली ४० ची आणि सिरिंज नारिंगी टोपणाची आली. ही चूक उलट्या दिशेची असल्याने दोन दिवस साखर खाली येत नव्हती, एवढ्यावर निभावले. तेव्हापासून दुकानातच बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग एकत्र पाहिल्याशिवाय मी पैसे देत नाही. इन्सुलिन देण्याच्या पेनमध्ये घालायच्या काडतुसातील इन्सुलिन सिरिंजने ओढून काढू नये, हेही त्यातच आले.

बहुतेक मुलांना दोन प्रकारचे इन्सुलिन लागते: दिवसभर संथपणे काम करणारे एक, आणि जेवणापुरते काम करणारे दुसरे. जेवणाचे साधे रेग्युलर इन्सुलिन असेल तर ते जेवणाआधी सुमारे अर्धा तास द्यावे लागते, आणि नव्या जलद प्रकाराचे असेल तर दहा-पंधरा मिनिटे आधी पुरते. संथ प्रकारातील दुधाळ दिसणारे एनपीएच हे दोन तळहातांमध्ये हळूहळू वीसेक वेळा फिरवून एकसारखे करावे, खळखळा हलवू नये. ते रेग्युलरबरोबर एकाच सिरिंजमध्ये घ्यायचे असेल तर स्वच्छ इन्सुलिन आधी आणि दुधाळ नंतर ओढावे. ग्लार्जिन हे दुसरे संथ इन्सुलिन दिसायला पाण्यासारखे असले तरी ते कशातही मिसळायचे नसते. अगदी लहान बाळांचा डोस एक-दीड युनिटचा असतो. त्यांच्यासाठी अर्ध्या-अर्ध्या युनिटने डोस लावता येणारे पेन मिळते, त्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

इंजेक्शन मांडी, पोट, कुल्ला आणि दंड यांवर आलटून-पालटून द्यावे. दुखत नाही म्हणून मूल रोज एकच जागा पुढे करते, आणि तेथे कातडीखाली मऊ गाठ तयार होते. त्या गाठीत दिलेले इन्सुलिन कधी शोषले जाते, कधी जात नाही, आणि साखर का नाचते हे कळत नाही. महिन्यातून एकदा बोटांनी चाचपून पाहावे. पेनचे बटण पूर्ण दाबल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजून मगच सुई काढावी. वापरलेल्या सुया फिनेलच्या रिकाम्या, जाड बाटलीत साठवून आरोग्य केंद्रात द्याव्यात, शेणखताच्या उकिरड्यावर टाकू नयेत.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखे दिसले तरी ते फेकून द्यावे. चालू बाटली ३० अंशांपर्यंतच्या खोलीत साधारण चार आठवडे चालते, आणि तिच्यावर उघडल्याची तारीख लिहिलेली असावी. फ्रिज नसलेल्या घरांनी मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून तीत लहान मडके बसवावे, बाटली झाकणाच्या कोरड्या डब्यात घालून आत ठेवावी आणि तोंडावर ओले फडके टाकावे. पाणी उडून जाताना मडके थंड होते, म्हणून अथणी-रायबागच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो. खानापूरच्या पावसाळी, दमट हवेत मडके तेवढे गार होत नाही, परंतु त्या दिवसांत हवाच गार असल्याने चालू बाटलीची फारशी चिंता नसते. तिकडची खरी अडचण वेगळी आहे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसात रस्ता आणि वीज दोन्ही जातात, म्हणून मृगाआधीच महिनाभराचे इन्सुलिन, स्ट्रिप आणि सुया घरात आणून ठेवाव्यात.

साखर कधी आणि कशी तपासावी

तीन जेवणांआधी आणि झोपताना अशी चार वेळा तपासणी ही किमान समजावी. आजारपणात, खूप खेळल्यावर किंवा डोस बदलल्यावर पहाटे दोन-तीनच्या सुमारास आणखी एक करावी. दंडावर चिकटवायचा, दोन आठवडे चालणारा सेन्सर परवडत असेल तर लहान मुलासाठी तो मोठी सोय आहे. परवडत नसेल तर ग्लुकोमीटरवरही मूल उत्तम सांभाळता येते, हे मी अनुभवाने सांगते. बोट टोचण्याआधी मुलाचे हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण बोटाला गूळ किंवा केळे लागलेले असले तरी आकडा फुगतो. टोचायचे ते बोटाच्या टोकाच्या बाजूला, मध्यभागी नको.

७० ते १८० या पट्ट्यात साखर जास्तीत जास्त वेळ राहावी, हे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. ती अधूनमधून तीनशेवर जाणारच. तेव्हा घाबरून तासातासाला जलद इन्सुलिन देऊ नये, कारण एका डोसचे काम तीन-चार तास चालू असते आणि डोसावर डोस साचला की साखर एकदम कोसळते. साधी शंभर पानी वही घ्यावी आणि वेळ, साखर, इन्सुलिन, खाणे व खेळणे एवढे रोज लिहावे. डॉक्टरांना दाखवण्यासारखी याहून मोलाची वस्तू आपल्याजवळ नसते.

मुलासमोर आकड्याला ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ म्हणू नये. आकडा मोठा दिसताच ‘काय खाल्लंस?’ असे विचारले गेले, तर मूल लपवून खायला आणि पुढे खोटा आकडा सांगायला शिकते.

भाकरी, भात आणि गूळ

वाढत्या मुलाला उपाशी ठेवून साखर आटोक्यात आणणे हा उपचार नव्हे. ज्वारीच्या भाकरीने साखर वाढत नाही, हा आपल्याकडचा समज मात्र सोडावा लागेल. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे चाळीस ग्रॅम कर्बोदके असतात. तीस ग्रॅम कणकेच्या चपातीत वीस ग्रॅमच्या आसपास, शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात अठ्ठावीस आणि पेलाभर म्हणजे दोनशे मिलिलिटर दुधात नऊ-दहा ग्रॅम असतात. स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा ठेवावा. महिनाभर पिठाचा गोळा आणि भाताची वाटी वजन करून पाहिली की हाताला अंदाज येतो, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात जेवणाचे इन्सुलिन ठरवणे सोपे जाते. आमटी, अंडे, मासे आणि पालेभाजी यांनी पोट भरते व साखर फारशी उसळत नाही, म्हणून नुसत्या भाताऐवजी ताटात त्यांचा वाटा वाढवावा.

उसाच्या पट्ट्यात गूळ घरचा असतो आणि तो नैसर्गिक म्हणून मुलाला चालतो, अशी पुष्कळांची समजूत असते. रक्तात उतरल्यावर गूळ, काकवी आणि साखर यांत काही फरक राहत नाही. सणावाराचा मोदक, लग्नातला मांडा किंवा पाहुण्यांनी आणलेला कुंदा यांपैकी काहीच मुलाच्या वाट्याला कधी येणार नाही, असे मात्र करू नये. छोटा तुकडा जेवणासोबतच द्यावा आणि जेवणाच्या इन्सुलिनमध्ये त्याचा हिशेब धरावा.

दोन-तीन वर्षांचे मूल दोन घास खाऊन ताट ढकलते, हा त्या वयाचा खरा पेच आहे. इन्सुलिन आधी दिलेले असते आणि पोटात काही गेलेले नसते. अशा मुलांसाठी जलद इन्सुलिन जेवणाआधी थोडे आणि उरलेले जेवण पाहून, अथवा सगळे जेवणानंतर लगेच, अशी सवलत डॉक्टर देतात. ती मागून घ्यावी. जेवण्यासाठी मुलाच्या पाठी लागून मारणे-रडणे झाले, की पुढे वर्षानुवर्षे ताट हे भांडणाचे ठिकाण होऊन बसते.

साखर उतरली तर

साखर ७० च्या खाली गेली की लगेच उपाय करायचा असतो. मोठी माणसे ‘हातपाय कापतात’ असे सांगतात, पण लहान मूल तसे सांगू शकत नाही. ते विनाकारण किरकिर करते, हट्टाला पेटते, घामेजते, पांढरे पडते, खेळता खेळता गप्प बसते किंवा अवेळी झोपते. दुपारी मूल शहाण्यासारखे झोपले म्हणून आजी समाधानाने पांघरूण घालते, तेव्हाही एकदा बोट टोचून पाहावे.

१५ किलोच्या मुलाला सपाट चहाचा चमचाभर साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्यावी, ३० किलोच्या मुलाला दोन चमचे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि अजूनही ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. पेढा, कुंदा किंवा चॉकलेट या वेळी उपयोगाचे नाही, कारण त्यातील स्निग्ध पदार्थामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. साखर वर आल्यावर जेवणाला वेळ असेल तर थोडी भाकरी-दूध द्यावे. मीटर जवळ नसेल आणि शंका असेल, तर आधी साखर द्यावी.

मूल बेशुद्ध झाले किंवा त्याला झटके येऊ लागले, तर तोंडात काहीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. मुलाला कुशीवर वळवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि घरात साखर झटकन वाढवणाऱ्या ग्लुकागॉनचे इंजेक्शन असेल तर ते द्यावे. २५ किलोच्या आतील मुलाला अर्धा मिलिग्रॅम आणि त्यावरील मुलाला एक मिलिग्रॅम लागते. हे औषध प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन आधीच मागवून ठेवावे.

जत्रेत, गणपतीच्या मिरवणुकीत किंवा सुगीच्या दिवसांत शेतावर मूल दिवसभर पळते, त्याचा परिणाम त्याच रात्री किंवा पहाटे दिसतो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावरून आल्यावर आमच्या मुलीची साखर झोपताना १४० होती आणि पहाटे तीनला ५२. तेव्हापासून अशा दिवशी झोपण्यापूर्वी जास्तीचे काही खायला घालून मी पहाटेचा गजर लावते.

ताप, उलटी आणि जुलाब

मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन दिले नाही, ही आजारपणातील सर्वांत घातक चूक आहे. तापात शरीराला उलट अधिक इन्सुलिन लागते. दिवसभर चालणारे इन्सुलिन द्यावेच, आणि जेवणाच्या डोसाविषयी डॉक्टरांना फोन करावा. दर दोन-तीन तासांनी साखर पाहावी आणि लघवीतील कीटोन तपासायच्या पट्ट्या घरात ठेवून त्याही वापराव्यात. साखर २५० च्या वर असेल तर साधे पाणी, मिठाचे पातळ ताक किंवा आमटीचे वरचे पाणी घोटघोट द्यावे. साखर उतरत असेल तर लिंबू-साखरेचे पाणी द्यावे. दोनपेक्षा अधिक उलट्या, पाणीही न टिकणे, पट्टीवर मध्यम किंवा अधिक कीटोन, खोल श्वास अथवा गुंगी यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता निघावे.

शाळा आणि दोन भाषांतले कार्ड

मुलगी असेल तर पुढे लग्न जमणार नाही, या भीतीने आजार लपवणारी घरे मी पाहिली आहेत. त्या भीतीमागची वेदना मला कळते. परंतु बाईंना ठाऊक नसेल, तर वर्गात घामेजून मान टाकलेल्या मुलीला त्या झोपू देतील. शाळा सुरू होण्याआधी मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षिकेला भेटून एका पानावर सर्व लिहून द्यावे, आणि साखरेच्या पुड्या एक वर्गात व एक मुलाच्या खिशात अशा ठेवाव्यात. वर्गात साखर तपासायला, इन्सुलिन घ्यायला आणि गरजेला खायला मुलांना मुभा असावी, असे राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये कळवलेले आहे, ते शाळेला दाखवता येते. अक्षर दासोह या शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा भात, क्षीरभाग्य योजनेचे गोड दूध आणि अंड्याऐवजी मिळणारे केळे यांचाही हिशेब जेवणाच्या इन्सुलिनमध्ये धरावा लागतो, म्हणून त्या दिवशी काय आहे हे अंगणवाडी सेविकेकडून किंवा बाईंकडून आधी विचारून घ्यावे.

दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी), उंची व वजन, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा थायरॉइड, सिलिअ‍ॅक (गव्हातील ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा आजार), डोळे व मूत्रपिंड यांच्या तपासण्या कराव्यात. सहा-सात वर्षांचे मूल पेनचे बटण आनंदाने दाबते, दाबू द्यावे, मात्र आकडा फिरवून डोस लावणे आणि तो पाहणे हे काम पुढे कित्येक वर्षे मोठ्या माणसाचेच असते. ते एकट्या आईवर राहू नये. वडील, आजी, आत्या यांपैकी आणखी दोघांना तरी इंजेक्शन देता आलेच पाहिजे.

बसमध्ये, बाजारात किंवा रुग्णवाहिकेत भेटणारा माणूस मराठी जाणणारा असेलच असे नाही. म्हणून मुलाच्या गळ्यात किंवा दप्तरात प्लास्टिकमध्ये घातलेले एक कार्ड असावे. त्यावर एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कन्नड लिपीत मुलाचे नाव, आजार, इन्सुलिनचे नाव आणि घरचे दोन फोन क्रमांक लिहावेत. कन्नड बाजू शेजारच्या कन्नड कुटुंबाकडून किंवा शाळेतील कन्नडच्या शिक्षकांकडून लिहून घ्यावी. आमच्या मुलीला आम्ही कन्नडची जी पहिली वाक्ये पाठ करवली, ती हीच होती: ‘ननगे सक्करे कायिले इदे. सक्करे कोडी.’ मला साखरेचा आजार आहे, साखर द्या.